लाल टोकाच्या काठ्या

दोराच्या आत नऊ घरटी होती. सातांत तीन-तीन अंडी, दोनांत दोन-दोन, म्हणजे पंचवीस. नऊ घरट्यांशेजारी लाल टोकाच्या नऊ काठ्या. अंड्यांवर बसलेल्या माद्या सहा, आजूबाजूला धावणारे नर चार, बाकीचे त्या क्षणी दिसत नव्हते. आणि तीन नंबरच्या काठीपासून हातभर अंतरावर, पालथा पडलेला, हिरव्या टोपीचा एक माणूस.

सिस्टरने दुर्बीण गळ्यात सोडली, चपला काढून हातात घेतल्या आणि दोराच्या कडेकडेने चालत ती त्याच्या समोर येऊन उभी राहिली. दोराच्या आत मात्र ती गेली नाही. चाळीस खाटा ओलांडून पलीकडे पोचेल असा आवाज तिला निवृत्तीनंतरही काढता येत होता, पण पाखरं बसलेली होती म्हणून तिने तो दाबून दातांतून काढला.

"ए टोपी. ऊठ."

"एकच मिनिट, मॅडम. ती आता बसणारच आहे."

"ती बसत नाहीये. तिच्या बिछान्याशेजारी तू पडलायस म्हणून बिचारी उन्हात उभी आहे. अंडी तापतायत तिची."

"मी कशाला हात लावत नाहीये."

"हात नाही लावत, पोट लावतोस. मागे सरक. उभं नाही राहायचं. आलास तसाच सरपटत जा."

टोपीवाल्याने मान वळवली. मागे फळ्यांच्या पायवाटेवर सहलीला आलेली आठ-दहा माणसं थांबून मजा बघत होती. "लोक बघतायत हो," तो पुटपुटला.

"बघू देत की. प्राणी-पक्षी बघायलाच आलेत ते."

टोपीवाला नळकांड्याएवढी लेन्स छातीशी धरून उलटा सरपटत दोराबाहेर गेला. तो दूर गेल्यावर मादी पाच-सहा वेळा उगाच इकडून तिकडे पळाली आणि मग अंड्यांवर बसली. बसल्यावर ती दिसेनाशी झाली. चिखल्याची ही खुबीच होती. मुठीत मावेल एवढं पाखरू, पाठ वाळूच्या रंगाची, धावताना पाय दिसत नाहीत इतके भरभर हलतात. घरटं म्हणजे वाळूत टाचेने दाबल्यासारखा खळगा आणि त्यात चार शिंपल्यांचे तुकडे. अंडी तर खड्यांसारखीच. पाय पडून फुटली तरच ती अंडी होती हे कळायचं.

फळ्या जिथे संपत होत्या तिथे व्हीलचेअरवर सिस्टरचा नवरा बसला होता. त्याला सगळे ड्रायव्हर म्हणत. तीस वर्षं त्याने बस चालवली, मग साखरेने डावा पाय गुडघ्याखाली नेला. त्याने हे सगळं आपल्या दुर्बिणीतून पाहिलं होतं.

"झालं का ऑपरेशन?" त्याने विचारलं.

"तुम्ही बोलूच नका. तुमच्या शेजारून गेला तो. अडवता येत नव्हतं?"

"कसा अडवू? ब्रेक नाही त्याला." ड्रायव्हर हसला. "शिवाय चांगला माणूस आहे. मला त्याच्या कॅमेऱ्यातून टोक दाखवलं त्याने."

टोक म्हटलं की सिस्टरचं डोकं फिरायचं. हा राखीव किनारा लोकांना आवडायचा तो त्याच्या सोप्या वाटेसाठी. फाटकापासून रुंद, सपाट फळ्यांची पायवाट दलदलीवरून वाळूपर्यंत यायची; म्हातारी माणसं, बाबागाड्या, व्हीलचेअर सगळ्यांना चालणारी. वाटेत बाक होते, लाकडी लपण होतं, त्याच्या फटींतून बगळे आणि शेकाट्या बघता यायच्या. पण वाळूपाशी पायवाट थांबायची. पुढे वाळूची लांब जीभ समुद्रात गेली होती, तिच्या टोकाला खडक आणि खडकांवर मोठे थवे. फळ्या टोकापर्यंत न्याव्यात अशी मागणी जुनीच होती. मधे आडवे येत होते ते चिखले, आणि त्यांच्यासाठी बांधलेला दोर.

कार्यालयातल्या साहेबांनी मोसमाच्या सुरुवातीला इथेच, फळ्यांवर उभं राहून सिस्टरला सांगितलं होतं, "गेली दोन वर्षं या दोराच्या आतून एकही पिल्लू उडालेलं नाही. मी कुणासाठी वाट अडवून ठेवू? यंदा एक, फक्त एक पिल्लू उडवून दाखवा. दोर कायमचा राहील. नाहीतर मोसम संपला की फळ्या टोकापर्यंत जातील."

"मी उडवू? मी काय पतंगवाली आहे?" सिस्टर म्हणाली होती. पण तिने ते मनावर घेतलं होतं. वॉर्ड सुटल्यापासून मनावर घ्यावं असं तिच्या हाती काही आलं नव्हतं. वॉर्डात तिचा राग कामाला यायचा. त्याच्या धाकाने सलाइन वेळेवर बदललं जायचं, मोठे डॉक्टर हात धुवायचे, नातेवाईक खाटेवर बसायचे नाहीत. घरी आल्यावर तोच राग भांड्यांवर, पडद्यांवर आणि ड्रायव्हरवर निघू लागला. ड्रायव्हरच्या फिजिओथेरपीवाल्याने "मोकळ्या हवेत न्या त्यांना, सपाट वाट असेल तिथे" असं सांगितलं म्हणून ती इथे आली, आणि दुसऱ्याच दिवशी तिने दोराची जबाबदारी मागून घेतली.

ड्रायव्हरला मात्र टोक हवं होतं. तो ते लपवतही नव्हता.

"शेवटचा स्टॉप बघितल्याशिवाय गाडी वळवायची नाही, ही माझी सवय," तो म्हणायचा. "इथे रोज अर्ध्या रूटवरून परत फिरतो मी. दोन्ही बाजूंनी समुद्र आहे म्हणे तिथे."

"दोन्ही बाजूंनी पाणी बघायचं तर बादल्या ठेवते दोन."

"ठेव. तू ठेवशील."

काठ्यांची कल्पना सिस्टरची. मोसमाच्या पहिल्याच आठवड्यात एक बाई दोराखालून वाकून आत गेली, लेकाचा उडालेला रुमाल आणायला, आणि तिच्या सँडलखाली दोन अंडी गेली. बाई रडायला लागली. सिस्टरने तिला रडू दिलं नाही, तिथून हाकलली. संध्याकाळी घरी बसून तिने काठ्या तासल्या, टोकांना लाल रंग दिला, पांढऱ्या पट्टीवर आकडे घातले.

त्या किनाऱ्यावर पक्ष्यांची मोजणी करणारी एक मुलगी होती. नुकतीच शिकून बाहेर पडलेली, बारीक अंगाची, बोलण्याआधी घसा साफ करणारी. तिला सिस्टर मोजणीवाली म्हणायची. काठ्या बघून मोजणीवाली म्हणाली होती, "सिस्टर, माणसांना कळेल हे खरं, पण…"

"वॉर्डात खाटेला नंबर नसला ना, की भलत्याला भलती सुई बसते. तुझ्या वयाएवढी वर्षं मी नंबर लावलेत. धर ही काठी."

मोजणीवालीने घसा साफ केला आणि काठी धरली.

टोपीवाल्याला सरपटत बाहेर काढलं त्याच्या दुसऱ्या दिवशी चार नंबर रिकामा होता.

रिकामा म्हणजे अगदी रिकामा. ना कवच, ना बलक. खळगा आणि शेजारी काठी. दोन दिवसांनी सात नंबर गेला. मग दोन आणि पाच एकाच सकाळी, आणि त्यांच्या पाठोपाठ एक आणि आठ. रात्रीच्या वाऱ्याने वाळू सपाट केलेली असायची, ठसे कसलेच राहायचे नाहीत. मादी थोडा वेळ खळग्याभोवती धावायची, थांबायची, जिथे अंडी नव्हती तिथे बसायची आणि उठायची.

सिस्टरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुत्रा घेऊन फिरायला येणाऱ्या म्हाताऱ्याला तिने फाटकातूनच परत पाठवलं. कुत्रा पट्ट्याला बांधलेला होता आणि त्याला दात उरले नव्हते, हे म्हातारा परोपरीने सांगत होता. टोपीवाल्याच्या बॅगेत तिने हात घातला. त्यात डबा, छत्री आणि लेन्स पुसायचं फडकं निघालं. सहलीच्या बायकांच्या पर्सकडे ती अशी बघू लागली की त्या पर्स पोटाशी धरूनच पायवाटेवर चढायच्या.

साहेबांकडे तक्रारी गेल्या. साहेब आले.

"सिस्टर, लोक इथे चार पावलं सोपं चालायला येतात. शिव्या खायला नाही."

"अंडी चोरतात ते."

"कोण?"

"तेच तर. कोण ते तुम्ही शोधायला हवं. खुर्ची तुमच्याकडे आहे."

"कशाला चोरेल हो कुणी? खड्याएवढी अंडी."

"कशाला काय? माझ्या वॉर्डातून लोकांनी बेडपॅन चोरलेत."

साहेब फाटकाच्या दिशेने बघत म्हणाले, "किती उरली?"

"तीन घरटी."

"मोसम संपत आलाय," साहेब म्हणाले, आणि गेले.

त्या संध्याकाळी घरी ती गॅसजवळ उभी होती. ड्रायव्हर टेबलाशी बसून आपल्या चांगल्या पायाच्या बोटांना मलम लावत होता. तळमजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. दाराशी उंबऱ्याऐवजी फळीचा उतार. ड्रायव्हर सहज म्हणाला, "टोपीवाला आला होता आज. नऊ नंबर कुठे ते विचारत होता. मी म्हटलं, सरळ जा, डावीकडे दुसरा स्टॉप."

सिस्टरने गॅस बंद केला.

"तुम्ही सांगता त्यांना?"

"लांबून बघायला. दोराबाहेरून. त्यात काय?"

"कुठल्या नंबरला किती अंडी, तेही सांगता?"

"विचारलं तर सांगतो. काठ्यांवर नंबर तूच घातलेस ना? वाचायलाच घातलेस ना?"

"आता कळलं मला," ती म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, आणि ड्रायव्हरने त्यामुळेच मान वर केली. "मी बाहेर चोर शोधत बसले. तुम्हाला टोक बघायचंय. घरटी संपली की दोर निघतो, दोर निघाला की तुमच्या फळ्या. हात तुमचे नसतील. वाळूत उतरता येत नाही तुम्हाला. पण तोंड चालतंय."

ड्रायव्हरने मलमाचं झाकण लावलं. ते तिरकं बसलं, त्याने काढून पुन्हा लावलं.

"तीस वर्षं गाडी चालवली," तो म्हणाला. "चाकाखाली कधी कोंबडी आली नाही माझ्या."

त्यानंतर तो तिच्याशी बोलायचा बंद झाला.

भांडण त्यांच्या घरात नवीन नव्हतं. हे तसं नव्हतं. सकाळी तो नेहमीसारखा तयार झाला, खुर्ची तिने ढकलली, फळ्यांच्या शेवटी आणून ठेवली, ब्रेक लावला. तेव्हा तो समुद्राकडे तोंड करून मोजणीवालीला म्हणाला, "बाळ, सिस्टरना सांग, सावलीची बाजू उलटी झालीये, खुर्ची फिरवायला हवी."

सिस्टर खुर्चीच्या दांड्या धरूनच उभी होती.

"काका म्हणतात…" मोजणीवालीने सुरुवात केली.

"बहिरी नाहीये मी." तिने खुर्ची गर्रकन फिरवली. "त्यांना म्हणावं, चहा थर्मासमध्ये आहे."

"काका, चहा…"

"तिला म्हणावं, नको."

तीन दिवस असं चाललं. मोजणीवाली बिचारी दोघांच्या मधे टपाल वाहत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर लपणापाशी कुणाला तरी दरडावत होती, तेव्हा ड्रायव्हरने हात वर करून मोजणीवालीला बोलावलं.

"तिला बोलाव. इथे बसून बघायला सांग. काही बोलायचं नाही, नुसतं बघायचं."

सिस्टर आली. त्याने आपली दुर्बीण गळ्यातून काढून मोजणीवालीच्या हातात दिली, तिने ती सिस्टरच्या हातात दिली. स्वतःची दुर्बीण तिच्या गळ्यातच होती, ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

दोराच्या आत एक कावळा चालत होता. उडत नव्हता, शोधत नव्हता, कामावर निघालेल्या माणसासारखा सरळ चालत होता. एक नंबरच्या काठीपाशी थांबला. रिकामा खळगा पाहिला. चालू लागला. दोन नंबरपाशी थांबला. तोही रिकामा. तीन नंबरकडे निघाला तशी मादी अंड्यांवरून उठली आणि पंख मोडल्याचं सोंग करत लंगडत दूर जाऊ लागली. दुसरा कुणी शिकारी फसला असता. कावळ्याने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो काठीपाशी गेला, वाकला, एक अंडं चोचीत उचललं आणि उडून गेला. अंडं नेऊन तो परत आला. पुन्हा तीन नंबरलाच, खळगा रिकामा होईपर्यंत.

ड्रायव्हर मोजणीवालीला सांगत होता, "स्टॉप घेतोय तो. काल मी बघितला तेव्हा वाटलं, सहज थांबला असेल. आजही त्याच रूटने. पाटी दिसली की थांबायचं."

मोजणीवालीने या वेळी घसा साफ केला नाही. सिस्टरला तिचं अर्धवट राहिलेलं "पण" आठवलं आणि तिने मुलीकडे पाहायचं टाळलं.

मग सिस्टर दोराच्या आत गेली. काठ्या रोवल्यानंतर पहिल्यांदाच तिने दोर ओलांडला होता, आणि वाकून नव्हे, पायाने दाबून. कावळा उडाला आणि दोराच्या खुंटावर जाऊन बसला. तिने एक नंबर उपटला, दोन उपटला. तीन नंबर उपटताना खळग्यात पाहिलं नाही. नऊपैकी आठ काठ्या छातीशी धरून ती नवव्यापाशी आली, तेव्हा मोजणीवाली पहिल्यांदा ओरडली.

"सिस्टर, थांबा. ती उपटू नका."

"का?"

"ती जागा त्याला पाठ झालेली असेल. आता काठी काढली तरी तो जाईल."

सिस्टर तिथेच थांबली. नऊ नंबरची तीन अंडी तिच्या पायापासून दोन पावलांवर होती. सहा नंबर आदल्या दिवशीच गेला होता. हे एवढंच उरलं होतं. तिच्या हातातल्या काठ्या कुणाच्या तरी डोक्यात घालाव्यात असं तिला वाटत होतं. डोकं कुणाचं ते कळत होतं, म्हणून तर जास्त.

"चोर सोडून संन्याशाला फाशी," फळ्यांवरून ड्रायव्हर म्हणाला. कुणाला उद्देशून ते त्याने सांगितलं नाही. मग मोजणीवालीला म्हणाला, "तिला सांग, स्टॉप काढायचे नसतात. रिकामे स्टॉप वाढवायचे. एकाही स्टॉपवर पॅसेंजर मिळाला नाही की कुठलाही ड्रायव्हर दोन दिवसांत थांबायचा बंद होतो. मी झालोय."

मोजणीवालीने हे सिस्टरला सांगितलंच नाही. सिस्टरने ऐकलं होतं.

दुपारपर्यंत त्यांनी कुंपणाच्या, झाडूच्या, मोडक्या छत्र्यांच्या मिळतील तेवढ्या काठ्या गोळा केल्या. सिस्टरने त्यांची टोकं लाल रंगात बुडवली. या वेळी आकडे घातले नाहीत. साठ काठ्या तिने दोराच्या आत कोऱ्या वाळूवर रोवल्या. लांबून बघितलं तर कुणीतरी कसलंतरी बांधकाम आखून ठेवल्यासारखं वाटत होतं. मोजणीवालीने नवव्या काठीची जागा किंचित सरकवली, आज चार पावलं, उद्या आणखी सहा.

पुढचं सिस्टरला सगळ्यात जड गेलं. काहीच करायचं नव्हतं. दोराजवळ माणूस उभा राहिला तर मादी उठणार, म्हणून बाकावर बसून राहायचं. जन्मभर तासातासाला राउंड घेतलेली बाई ती. बाकावर बसून तिने आपल्या तळव्यांना नखं रुतवली. कावळा आला, काठीकाठीला थांबला, रिकामाच गेला. दुसऱ्या दिवशी आला, कमी थांबला. पाचव्या दिवशी तो खुंटावर बसला, एकदा ओरडला आणि दलदलीकडे उडून गेला. सिस्टरने ड्रायव्हरकडे पाहिलं. तो समुद्राकडे पाहत होता.

तिने एकदा घरी, पाठमोरी उभी राहून म्हटलं, "ते मी जे बोलले ना त्या दिवशी…"

ड्रायव्हरने रेडिओ मोठा केला.

तिन्ही अंडी फुटली. पिल्लं अंगावरचा ओलावा सुकताच चालू लागली. लांब पायांवर ठेवलेले कापसाचे बोळे. एक पहिल्याच आठवड्यात घारीने नेलं. दुसरं उन्हाच्या एका दुपारी शिंपल्यांच्या राशीशेजारी मेलेलं सापडलं. तिसरं वाढलं. ते दोराच्या आत राहीना. वाळूवरून फळ्यांपर्यंत यायचं, फळ्यांखालच्या सावलीत किडे टिपायचं, ड्रायव्हरच्या खुर्चीसमोरून पळायचं. ड्रायव्हर तेवढ्या वेळात हलायचा नाही.

मग फाटकापाशी नव्या फळ्यांचा ढीग येऊन पडला आणि साहेब पाहणीला आले.

"हे पळतंय," साहेब दुर्बिणीतून पाहून म्हणाले. "उडत कुठेय?"

"पिसं आली आहेत, सर," मोजणीवाली म्हणाली. "दोन-तीन दिवसांत."

"दोन-तीन दिवसांत इथे सुतार असतील. आणि उडालं म्हणजे किती? वीतभर उडी मारली तरी तुम्ही उडालं म्हणाल. मला आकडा सांगा."

मोजणीवालीने घसा साफ केला. "दहा मीटर. सलग, हवेतून."

"ठीक. दहा मीटर," साहेब म्हणाले. "आज दुपारपर्यंत उडालं तर ढीग परत पाठवतो. शब्द आहे माझा."

सिस्टर त्यांच्या अंगावर जाणार होती. दुपारपर्यंत कोण जन्माला येतं, कोण मरतं, हे काय तुमच्या घड्याळावर ठरतं का, हे तिच्या ओठांवर होतं. पण पिल्लू फळ्यांच्या टोकापाशी होतं, ड्रायव्हरच्या अगदी समोर, आणि तिने ओठ मिटले.

साहेबांचा फोन वाजला. ते पाठ फिरवून बोलू लागले. फाटकाकडून सुतारांची गाडी रिकामी होत होती, आणि कुणाच्या तरी हातून एक लांब फळी निसटून खालच्या फळ्यांवर आडवी पडली. आवाज पायवाटेभर घुमत आला. पिल्लाने दोन-चार पावलं टाकली आणि ते जमिनीपासून सुटलं. वाळूला घासून जावं इतक्या खालून, वेडंवाकडं, ते पाण्याच्या दिशेने गेलं आणि ओल्या वाळूवर उतरून धावत सुटलं.

सिस्टरने हाक मारली, "साहेब." ते वळेपर्यंत पिल्लू शिंपल्यांत मिसळून गेलं होतं.

"मी पाहिलं नाही," साहेब म्हणाले.

"ठसे आहेत," मोजणीवाली म्हणाली. "सुटलं तिथे संपलेत, उतरलं तिथे परत सुरू झालेत."

"मग मोजा. लवकर. मला जायचंय." फोन त्यांनी पुन्हा कानाला लावला.

मोजणीवालीने पिशवीतून टेप काढली. उड्डाणाआधीचे ठसे फळ्यांच्या पुढे, वाळूवर, हातभर अंतरावर संपले होते. ती तिथे गुडघे टेकणार तेवढ्यात ड्रायव्हरने हात पुढे केला.

"टेपच्या टोकाची कडी इकडे दे. मी धरतो."

"काका, ठसे इथे…"

"बसल्या जागेवरून मला दिसलं कुठून उडालं ते."

मोजणीवालीने त्याच्याकडे पाहिलं, साहेबांच्या पाठीकडे पाहिलं. तिने कडी त्याच्या हातात दिली. ड्रायव्हरने ती पायापाशी धरली नाही. कमरेतून वळून, खुर्चीच्या मागच्या चाकापर्यंत नेली आणि चाकाच्या मागे फळीवर दाबून धरली.

मग टेपचा डबा त्याने सिस्टरपुढे केला. तिच्याकडे बघत म्हणाला, "जा. ताणून धर."

ती डबा घेऊन वाळूत उतरली. टेप मागे सुटत गेली. पाण्याजवळ पहिला ठसा होता, तीन बोटांचा, मागचं बोट नसलेला. ती त्याच्याशेजारी बसली आणि वळून पाहिलं. टेप संपलेल्या ठशांवरून सरळ पुढे गेली होती, फळ्यांवर चढली होती, खुर्चीखालून मागच्या चाकापर्यंत पोचली होती. ड्रायव्हर कडी दाबून वाकडा बसला होता. त्याचं तोंड आता तिच्याकडे नव्हतं, तिच्या पलीकडे, टोकाकडे होतं.

तीस वर्षांत तिने ताप कधी गोल करून लिहिला नव्हता. एका शिकाऊ मुलीला तिने शंभर पॉइंट चारचे शंभर केले म्हणून वॉर्डाबाहेर उभं केलं होतं.

"किती?" साहेबांनी फोनवर हात ठेवून विचारलं.

सिस्टरने टेप ताणली, डोळे जवळ नेले आणि आकडा वाचला.

"दहा मीटर दहा सेंटिमीटर."